फाट्यावरची जीप आणि इंजिनाखालचं रबर

नागपूरहून अमरावतीकडे निघालेला रस्ता कोंढाळी आणि कारंजा (घाडगे) मागे टाकून तळेगाव (श्यामजी पंत)ला पोचतो, तेव्हा त्याला दोन फाटे फुटतात. दक्षिणेला आर्वी, उत्तरेला तालुक्याचं गाव आष्टी. कागदोपत्री हा महामार्ग बरीच वर्षं क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. रेल्वे गावात नाही. मुंबई-हावडा मार्ग पुलगाववरून गेला, आणि पुलगावहून अरुंद मापाची जी गाडी निघाली ती आर्वीलाच थांबली. पुढे तीही बंद पडली. त्यामुळे या भागातला संत्रा, कापूस, बाजाराला निघालेला माणूस आणि कॉलेजला निघालेली पोरं, सगळ्यांचं चाक डांबरावरच फिरलं. एसटीचं आगार इथे आलं तेही याच कारणानं. या पट्ट्याचा इतिहास लिहिताना लोक १९४२ च्या आष्टीच्या लढ्यापाशी थांबतात आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत गावांना बाजाराशी जोडणारी जी वाहनं धावली, त्यांतली कितीतरी कारखान्यातून निघाली तशी राहिलेलीच नव्हती, आणि त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. पेट्रोलची जीप घ्यायची, तिचं इंजिन उतरवायचं आणि जागेवर डिझेलचं बसवायचं, हा धंदा विदर्भातच नव्हे तर महाराष्ट्रभर महामार्गांच्या कडेला चालला. गाडीत फेरफार करण्याचा आपल्याकडचा खरा मोठा प्रयोग तोच. आज चकचकीत गाड्यांना रंगीत पॉलियुरेथेनची माउंट्स बसवणाऱ्या हौशी मंडळींना पडणारा प्रश्न त्या धंद्यानं आधीच सोडवून, आणि बऱ्याचदा चुकवून, ठेवलेला आहे.

प्रश्न असा की इंजिन चेसिसला किती घट्ट धरायचं? घट्ट धरलं तर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी उचलते, गिअर नेमका पडतो, झटका मारत नाही. पण अंग थरथरतं, आरसा दिसेनासा होतो, नट ढिले होतात. सैल धरलं तर आत बसणाऱ्याला आराम, पण इंजिन जागेवर डोलतं, पंखा रेडिएटरला लागतो, सायलेन्सरचा पाइप तडकतो. ही पकड ठरवतं ते इंजिनाखालचं रबर, म्हणजे माउंट; गॅरेजच्या भाषेत त्याला फाउंडेशन म्हणतात आणि ग्राहकापुढे निवड ठेवली जाते ती ‘कडक पाहिजे की नरम’ एवढीच. माझं म्हणणं असं की ही निवडच चुकीची मांडलेली आहे. फाउंडेशनला दोन वेगळी कामं असतात. इंजिनाचं वजन पेलून त्याची थरथर चेसिसपर्यंत जाऊ न देणं हे एक, आणि जोर लागला की इंजिनाला पीळ घेऊ न देणं हे दुसरं. गेल्या नव्वद वर्षांत जिथे जिथे ही गोष्ट नीट जमली तिथे तिथे ही दोन कामं दोन वेगळ्या जागी, बहुधा दोन वेगळ्या भागांकडे सोपवलेली होती. जिथे एकाच रबरावर दोन्ही लादली, तिथे गाडी फेरफारासकट भंगारात गेली.

घट्ट बसवलं की थरथर थांबते, ही समजूत आपल्याकडे आली कुठून, हे आधी पाहायला हवं. ती अडाणीपणातून आलेली नाही. खेड्यातल्या माणसानं आणि खेड्यातल्या मिस्त्रीनं पाहिलेलं पहिलं इंजिन मोटारीचं नव्हतंच, विहिरीवरचं होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला उभी राहिली आणि पुढच्या काळात तिची डिझेल इंजिनं गावोगाव विहिरींच्या काठावर दिसू लागली. वीज पोचण्याआधी संत्र्याच्या बागा ज्यानं भिजवल्या ते हे इंजिन. ते बसवायची रीत ठरलेली होती. खड्डा खणायचा, सिमेंट-काँक्रीटचा जाड ठोकळा ओतायचा, त्यात बोल्ट रोवायचे आणि इंजिन आवळून टाकायचं. बोल्ट ढिला झाला की इंजिन नाचायला लागायचं, आवळला की शांत. यात चूक काही नाही, कारण त्या इंजिनाला जोडलेला ठोकळा इंजिनाच्या कितीतरी पट जड होता आणि खालची जमीन त्याहून जड. थरथर त्या वस्तुमानात जिरून जायची. तोच मिस्त्री पुढे महामार्गावर गॅरेज टाकून बसला तेव्हा त्याच्या हातात आलेली चेसिस मात्र इंजिनाच्या मानानं हलकी होती, वर पत्र्याची बॉडी होती आणि त्या पत्र्यावर माणसं बसणार होती. काँक्रीटवर खरी ठरलेली अक्कल तिथे उलटी पडते.

मोटारींच्या जगातही सुरुवात अशीच झाली. पहिल्या पिढीच्या गाड्यांत इंजिन चौकटीला थेट बोल्टनं आवळलेलं असे. चौकटीला मजबुती मिळते हा त्यात जादा फायदा समजला जाई. चार सिलिंडरच्या इंजिनाची खोड अशी की पिस्टन जोडीजोडीनं वर-खाली होत असले तरी एकमेकांचा धक्का पुरता खोडून काढत नाहीत. क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा एक उभा हिसका उरतोच. ब्रिटनच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा हिसका मारायला दुप्पट वेगानं फिरणाऱ्या दोन शाफ्टचा उपाय शोधला होता, पण तो खर्चिक. स्वस्त उपाय, इंजिन रबरावर टांगण्याचा, अमेरिकेत क्रायसलरनं आणला. १९३१ च्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावानं तो विकला गेला, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएननं परवाना घेऊन आपल्या गाड्यांवर त्यासाठी हंसाचं चिन्ह लावलं. जाहिरात अशी होती की चार सिलिंडरच्या खर्चात आठ सिलिंडरचा मऊपणा मिळेल. लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यातलं रबर. खरी करामत जागेची होती. समोरचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाखाली. मागचा आधार खाली, गिअरबॉक्सपाशी. या दोहोंना जोडणारी तिरकी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते. इंजिनाला धक्का बसला की ते स्वतःच्या मर्जीनं ज्या अक्षाभोवती डोलू पाहतं, त्याच अक्षावर त्याला टांगलं. मग ते डोललं तरी चौकटीला ओढत नाही. आणि डोलणं फार होऊ नये म्हणून बाजूला एक स्वतंत्र पाटा बसवला होता, जो फक्त पीळ अडवायचा. दोन कामं, दोन भाग.

हे तंत्र महाराष्ट्रात यायला फार उशीर लागला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायसलरशीच करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. पण खेड्यापाड्याचा रस्ता ज्या गाडीनं धरला ती प्लिमथ नव्हती. ती महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली विलीजची जीप. युद्धकाळातल्या या जीपकडे पाहिलं तर तोच नियम वेगळ्या रूपात दिसतो. पुढे दोन्ही बाजूंना रबरं, मागे गिअरबॉक्सखाली एक. रबरं बऱ्यापैकी नरम. पण क्लच दाबला की सगळं इंजिन पुढे-मागे सरकू पाहतं, त्यासाठी अमेरिकन अभियंत्यांनी एक साधी पोलादी केबल इंजिनाच्या मागच्या भागापासून आडव्या पट्टीपर्यंत ताणून बांधली होती. रबर कडक करणं त्यांना सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. पुढे आपल्याकडच्या जुन्या जीपांमध्ये ही केबल क्वचितच शिल्लक दिसते. काढून ठेवली आणि परत लावलीच नाही, अशा सुट्या भागांची गत तिचीही झाली असणार.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पेट्रोलच्या किमतीनं भारतीय मोटारमालकाचं गणित मोडलं. सरकारनं डिझेल मात्र शेती आणि मालवाहतुकीसाठी स्वस्त ठेवलं. दोन किमतींतली ही दरीच डिझेल बसवण्याच्या धंद्याची आई. कारखाने मागून आले. महिंद्रांनी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, १९८० च्या सुमारास अँबेसेडर डिझेलमध्ये आली, आणि त्याच दशकात इगतपुरीला प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन तयार होऊ लागलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजचं २.४ लिटरचं इंजिन आपल्या गाड्यांत आणलं. गॅरेजवाल्यांसाठी हा खजिनाच होता. अपघातात गेलेल्या किंवा मोडीत निघालेल्या गाडीतून बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं वा प्यूजोचं इंजिन मिळवायचं आणि जुन्या पेट्रोल जीपच्या पोटात बसवायचं. क्लच-हाउसिंग जुळवायला लेथवाल्याकडून प्लेट करून घ्यायची, रेडिएटर मोठा टाकायचा, आणि इंजिन ज्या जागी बसेल तिथे चेसिसला ब्रॅकेट वेल्ड करायचे. या शेवटच्या कामाला सगळ्यांत कमी वेळ दिला जाई. गाडीचं पुढचं आयुष्य नेमकं तिथेच ठरत होतं.

डिझेलनं थरथर वाढते हे सगळ्यांना कळत होतं, पण का वाढते याबद्दल गोंधळ होता आणि आजही आहे. ताकद जास्त म्हणून थरथर जास्त, असं सर्रास सांगितलं जातं. जीपच्या बाबतीत ते खरं नाही. जुन्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क प्यूजोपेक्षा कमी नव्हता. फरक आहे तो दाबात. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण सात पट दाबली जाते, डिझेलमध्ये वीस पटीहून जास्त. शिवाय पेट्रोलची गाडी स्लोवर, म्हणजे आयडलिंगला, उभी असते तेव्हा तिचा श्वास थ्रॉटलनं आवळलेला असतो, सिलिंडरात थोडीच हवा जाते. त्या पिढीच्या डिझेलला असा आवळ नाही. उभी असतानाही प्रत्येक सिलिंडर छातीभर हवा घेतो, ती दाबतो आणि सोडतो. म्हणून डिझेल धावताना जितकी त्रास देत नाही तितकी उभी राहिल्यावर देते. आणि तळेगावच्या फाट्यासारख्या जागी गाडीचं काम उभं राहणंच असे! नऊ माणसांच्या जागी चौदा भरेपर्यंत काळी-पिवळी प्रवासी जीप हलत नसे. इंजिन बंद करावं तर पुन्हा हीटर तापवून स्टार्टर मारायचा, जुनी बॅटरी दम सोडायची. त्यापेक्षा चालूच बरी. फेरफार केलेल्या गाडीचा कस घाटात लागतो असं हौशी मंडळी मानतात. प्रवासी जीपचा कस फाट्यावर, आयडलिंगला लागत होता.

इथे थोडं गणित टाळता येत नाही, पण ते सोपं आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेबारा, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट; म्हणजे सेकंदाला २५ धक्के. रबरावर बसलेल्या इंजिनाचीही स्वतःची एक डोलण्याची गती असते आणि ती काढायला इंजिनाच्या वजनानं रबर किती मिलिमीटर दबलं एवढं कळलं तरी पुरतं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून त्यानं १५.८ ला भागायचं. रबर ४ मिलिमीटर दबलं असेल तर इंजिनाची गती सेकंदाला सुमारे ८, आणि २५ धक्क्यांपैकी चेसिसपर्यंत पोचणारा जोर नवव्या हिश्श्याएवढाच. तेच रबर कडक निवडलं आणि १ मिलिमीटरच दबलं, तर गती १६ च्या घरात जाते आणि दोनतृतीयांश जोर वर येतो. आणखी कडक केलं, ०.४ मिलिमीटरवर आणलं, तर इंजिनाची स्वतःची गती नेमकी २५ होते. मग धक्के रबरात जिरत नाहीत, उलट फुगतात. थेट लोखंडाला आवळलं असतं तरी बरं, अशी अवस्था येते. खऱ्या रबराचा कडकपणा वेगानुसार थोडा बदलतो आणि इंजिन वर-खाली कमी, आडवं-तिडवं जास्त डोलतं, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. दिशा मात्र हीच राहते. टायर कापून त्याचे तुकडे फाउंडेशन म्हणून घातले की गाडी का थरथरते याचं उत्तरही यातच आहे. टायरमध्ये दोऱ्यांचे थर असतात आणि तो सपाट दाबला की जवळपास दबतच नाही. ‘स्लो थोडा वाढवून दे’ हा मिस्त्रीचा ठेवणीतला उपायही काही अंधश्रद्धा नव्हे. १ मिलिमीटर दबणाऱ्या रबरावर स्लो ७५० वरून ९०० केला तर पोचणारा जोर दोनतृतीयांशावरून दोनपंचमांशाच्या खाली येतो. डिझेल थोडं जास्त जळतं, एवढंच.

मग सगळी रबरं नरमच का घालू नयेत? कारण दुसरं काम उरतं. चाकांकडे जाणारा जोर इंजिन जितक्या ताकदीनं फिरवतं, तितक्याच ताकदीनं ते स्वतः उलट्या बाजूला फिरू पाहतं. आणि जीपसारख्या गाडीत हा जोर गिअरनं गुणला जाऊन फाउंडेशनवर येतो. इंजिनाचा टॉर्क १२ किलोग्रॅम-मीटर आणि पहिला गिअर चारपट धरला तर पीळ ४८ चा. दोन बाजूंची रबरं एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर असतील तर एका बाजूवर ९६ किलोचा जादा दाब आणि दुसऱ्या बाजूला तितकीच उचल. एका रबरावर इंजिनाचं वजन जेमतेम ७०-८० किलो असतं, म्हणजे ती बाजू चक्क हवेत उचलली जाते. उचलली जाते ती डावी, म्हणून डावीकडचं रबर आधी फाटतं. जुन्या जीपचं बॉनेट उघडून हे कुणालाही ताडून पाहता येईल. फाटलेलं रबर बदलताना मालक साहजिकच म्हणतो, आता जरा कडक टाक. आणि इथून चक्र सुरू होतं. कडक रबरानं ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकतं, वेल्डिंगवर पट्टी मारली की भेग चेसिसकडे सरकते, हेडलाइटचे बल्ब जातात, बॉडीचे रिव्हेट खुळखुळतात. ज्या मिस्त्रींनी आडवा टॉर्क रॉड टाकून पीळ वेगळा अडवला आणि रबर नरमच ठेवलं, त्यांची गाडी टिकली. ते प्लिमथच्या पाट्याचं आणि विलीजच्या केबलचं तत्त्व स्वतःच्या हातानं पुन्हा शोधून काढत होते.

जागेबद्दलही असंच. कारखान्यात फाउंडेशन बहुधा तिरकं बसवलेलं असतं, इंजिनाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे कललेलं. रबर दाबलं तर कडक लागतं आणि सरकवलं तर नरम. तिरकं बसवलं की वजनाला आधार आणि डोलायला मोकळीक ही दोन्ही एकाच तुकड्यातून हवी तेवढी काढता येतात. गॅरेजमध्ये ब्रॅकेट आडवा सपाट वेल्ड करणं सोपं, म्हणून तो सपाट व्हायचा, आणि मूळ इंजिनाबरोबर आलेलं चांगलं रबरही वाया जायचं. फेरफार फसला तो रबराच्या प्रतीमुळे क्वचित, कोनामुळे नेहमी. भर पडायची ती वऱ्हाड-विदर्भाच्या उन्हाची. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, डिझेलच्या बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्यात गळक्या सीलमधून ठिबकणारं ऑइल. नैसर्गिक रबराला हे दोन्ही शत्रू. थरथर अडवण्यात त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण ते फुगतं, बसतं, चिरतं. ‘रबर बसलं’ असं जे म्हणतात ते बसलेलं रबर नवीन असताना नरम होतं आणि म्हणूनच चांगलं होतं. ते बदलायला हवं, त्याच्या जागी दगड आणायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. हे सगळं जुगाड होतं, पोट भरायला केलेलं. त्यात कसलं तत्त्व आणि कसला इतिहास? आक्षेपात तथ्य आहे, आणि या धंद्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. चौदा माणसं कोंबलेल्या जीपचं वेल्डिंग तुटणं ही गमतीची गोष्ट नव्हती. कायद्याचंही लक्ष त्यावर होतंच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात फेरफारासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागत होती आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ नं ते आणखी आवळलं. पण हजारो हातांनी, वेगवेगळ्या गाड्यांवर, वर्षानुवर्षं केलेला प्रयोग कागदावर नाही म्हणून प्रयोग नाही असं होत नाही. त्यातून जे टिकलं आणि जे मोडलं, ते प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाशी जुळतं, हीच त्याची किंमत. दुसरा आक्षेप शर्यतीवाल्यांचा असतो. शर्यतीच्या गाडीत इंजिन थेट आवळतात, मग आम्ही का नाही? १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिन हाच चेसिसचा मागचा भाग होता. खरं आहे. पण तिथे इंजिन कण्याचं काम करत होतं, त्यासाठी ते आवळणं भाग होतं. शिवाय ती गाडी फाट्यावर सवारीची वाट पाहत उभी राहत नाही. तिचं इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्यांवर काम करतं, चालक दोन तास सोसतो आणि प्रत्येक शर्यतीनंतर सगळे नट तपासले जातात. एवढी देखभाल ज्याला परवडते त्यानं खुशाल आवळावं.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो, आणि तो सर्वांत तगडा आहे. १९८० च्या दशकापासून मोटारींत हायड्रॉलिक माउंट आलं. रबराच्या पोटात दोन कप्पे, त्यांत द्रव, मध्ये अरुंद वाट आणि एक लवचिक पडदा. इंजिन मोठा झोल घेऊ लागलं की द्रवाला त्या वाटेतून जाताना अडथळा होतो आणि माउंट आवरून धरतं. बारीक जलद थरथर असेल तर द्रव हलत नाही, नुसता पडदा लवतो आणि माउंट नरम लागतं. म्हणजे एकच भाग दोन्ही कामं करतो. मग दोन भागांचा आग्रह कशाला? उत्तर असं की त्यानंही कामं वेगळीच केली आहेत, जागेऐवजी झोलाच्या आकारानं. आणि तरीही आजच्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत अशा माउंटबरोबर खाली एक स्वतंत्र टॉर्क रॉड असतोच. कारखान्यांना तो वगळून पैसे वाचवता आले असते तर त्यांनी कधीच वाचवले असते. हायड्रॉलिक माउंट काढून त्याच्या जागी पॉलियुरेथेनचा ठोकळा घालणारा माणूस मात्र दोन कामं वेगळी करणारी ती यंत्रणाच उपटून टाकतो आणि वर त्याला अपग्रेड म्हणतो.

या नियमाला एक मर्यादा आहे आणि ती आपल्याच रस्त्यांवर दिसते. एका सिलिंडरच्या डिझेलवर चालणाऱ्या तीनचाकीत, जिला महाराष्ट्रभर लोक डुक्कर म्हणतात, इंजिन हजार फेरे घेत असतानाही सेकंदाला आठच स्फोट होतात. आठ धक्के चुकवायला इंजिनाची स्वतःची गती पाचच्याही खाली न्यावी लागेल, म्हणजे रबर दहा-बारा मिलिमीटर दबायला हवं. इतकं सैल इंजिन पहिल्या खड्ड्यातच उडी मारेल. तिथे कोणतंही माउंट चमत्कार करू शकत नाही आणि मागे बसलेल्याचे दात वाजतातच. फाउंडेशन बदलून काय साधेल आणि काय साधणार नाही, हे सिलिंडर मोजले तरी कळतं.

डिझेल बसवण्याचा तो धंदा आता उरला नाही. बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्राची कमांडर, १९९४ ची टाटा सुमो अशा कारखान्यातूनच डिझेल घेऊन आलेल्या गाड्यांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलं. मग प्रदूषणाचे नियम आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलची किंमत बाजारावर सोडली गेली आणि ज्या दरीवर तो धंदा उभा होता ती जवळपास बुजली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की कारखान्यानं ठरवलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येणार नाही. तळेगाव-अमरावती रस्ता चौपदरी झाला, गाड्या फाट्यावर पूर्वीसारख्या खोळंबत नाहीत. फेरफाराची हौस मात्र गेली नाही. तिचं रूप बदललं. आता जुनी जिप्सी किंवा थार घेतलेला तरुण इंजिनाला हात न लावता फक्त त्याची पकड बदलू पाहतो, आणि दुकानात त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला जातो, कडक की नरम.

त्यानं खर्चाचा क्रम उलटा धरावा असं मला वाटतं. आधी कारखान्याची नवी रबरं. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर गेलेली ‘पकड’ निम्म्याहून अधिक तेवढ्यानंच परत येते. मग ब्रॅकेटचा कोन आणि वेल्डिंग तपासावं. त्यानंतरही गिअर लिव्हर नाचत असेल तर टॉर्क रॉडचा बुश कडक करावा, नाहीतर गिअरबॉक्सखालचं एकटं रबर, कारण पीळ आणि पुढे-मागे सरकणं तिथे अडतं आणि इंजिनाचं वजन तिथे कमी असतं. बाजूची दोन माउंट्स शेवटी, आणि तीही गाडी स्लोवर उभी करून, हात स्टिअरिंगवर ठेवून पाहिल्याशिवाय नाही. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत सगळीच माउंट्स पॉलियुरेथेनची घालणं मला तरी पैशाची नासाडी वाटते.